खिडकीकडे तोंड करून

वलवण, लोणावळा
११ नोव्हेंबर २०२१

ती. आक्का,
सा. न.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून शेवटी कागद काढला. लिहून झालं की फोटो काढून आदिनाथच्या फोनवर पाठवते. तो कंपनीतून घरी आला की तुम्हाला दाखवेल.

शाळेत दर रविवारी प्रार्थनेनंतर आम्हाला घरी पत्र लिहायला बसवत. सिस्टर अ‍ॅग्नेस ते वाचून मगच पाकीट बंद करू देत. त्यामुळे सगळ्या मुली 'मी मजेत आहे' असंच लिहायच्या. अजूनही माझा हात कागदावर टेकला की पहिलं वाक्य तेच उमटू पाहतं. पण मी मजेत नाही.

ऑस्ट्रेलियाचा परवाना आला. मंगळवारी मी निघते. परवान्यावर एकच नाव आहे. या साथीत बाळंतपणाला फक्त आईवडिलांना येऊ देतात; काकू हे नातं त्यांच्या हिशोबात नाही. मला दोन आया आहेत, असं कोमलनं त्यांना कळवूनही पाहिलं. उत्तर आलं, जन्माच्या दाखल्यावर जिचं नाव आहे, ती.

दाखल्यावर माझं नाव आहे, आक्का. पण कोमलला न्हाऊ घातलं तुम्ही, पहिला घास भरवला तुम्ही. मी तेव्हा तुमच्या परसातल्या खोलीत क्षयाच्या गोळ्या घेत पडले होते, काचेच्या खिडकीआड. लेक बसायला लागेपर्यंत मी तिला हातात घेतलं नाही, आणि घेतलं तेव्हा ती 'मोठी आई'कडे हात करून रडली. ती आजही तुम्हाला मोठी आईच म्हणते आणि बाळंतपणाला तीच हवी, असं लग्नाच्या आधीपासून सांगत आली आहे. तुम्ही त्यासाठी पासपोर्टही काढलात. त्यातला फोटो बघून 'पोलिसांनी धरल्यावानी दिसते' म्हणाला होतात आणि आपण दोघी पदर तोंडाला लावून हसलो होतो.

मी एकटी चालले याचं तुम्हाला लागलं असेल तर ते मला कळतं. पण बोला तरी. मला बाळाला न्हाऊ घालता येत नाही. साठीच्या बाईनं हे कोणाला सांगायचं?

रविवारी नाकातली तपासणी तळेगावला आहे. तिथून सोमाटण्याला येते. तुमच्या हातचं दही हातावर घेतल्याशिवाय मी निघणार नाही.

तुमची
माधवी


सोमाटणे
१३ नोव्हेंबर

चि. माधवीस आशीर्वाद.

तुजं पत्र आदिनाथनं दावलं. अक्षर आजून शाळंतल्यावानी गोल हाय, पन मजकूर लय लांबडा.

रविवारी घरात यिऊ नको. भाताची झोडणी चालू हाय, माणसं हाईत, धुरळा हाय, मला येळ न्हाई. दही काय लोणावळ्याला मिळत न्हाई? घुटीची सहाण आन पुरचुंडी वाटंकडच्या दगडी गडग्यावर ठिवते. तुजी तपासणी झाली की गाडी थांबव, उचल आन जा. हाक मारू नको.

फोनबी करू नको. मला फोनवर बोलाया आता आवडत न्हाई. त्या काचेत माजं त्वांड लय मोठं दिसतं. काय असंल ते लिहून धाड. मी सातवी पास हाय.

पासपोर्टाचं मनात आनू नको. तो फोटो परमुलखात कुनी बघितला न्हाई त्येच बरं.

लीला


पर्थ, ऑस्ट्रेलिया
१९ नोव्हेंबर

ती. आक्का,
सा. न.

पोहोचले. म्हणजे कुठे पोहोचले ते अजून मलाच नीट कळलेलं नाही. गाव आहे, पण काचेपलीकडे.

रविवारी गडग्यापाशी थांबले तेव्हा तुम्ही गच्चीवर होतात, पदर नाकापर्यंत ओढलेला. मी हात केला. तुम्हीही केलात, पण तो निरोपाचा नव्हता. अंगावर आलेलं कोंबडं हाकलावं तसा होता. पुरचुंडी मांडीवर घेऊन मी गाडीत बसले आणि वडगाव मागे पडेपर्यंत मागे वळून बघितलं नाही.

तुम्ही असतात तर प्रवासात तुम्हाला खूप हसू आलं असतं. विमानतळावर माणसांना चेहरेच नव्हते, नुसते डोळे चालत होते. विमानात मधल्या खुर्चीवरच्या प्रत्येकाला पांढरा झगा दिला. मागून पाहिलं तर प्रत्येक रांगेत मधोमध एकेक पांढरी आकृती, जशा शाळेच्या चॅपेलमध्ये नवीन आलेल्या नन्स. कोणी कोणाशी बोलेना. एक बाई शिंकली तर अख्खं विमान तिच्याकडे वळलं. ती बिचारी डबा उंच धरून 'मिरची आहे हो, मिरची' म्हणत राहिली. सिंगापूरला आम्हाला दोरी लावलेल्या कोपऱ्यात बसवलं. दोरीपलीकडे दुकानं उजळलेली होती आणि आत चिटपाखरू नव्हतं. कोणीतरी जत्रा भरवून माणसांना बोलवायचंच विसरून गेलं होतं.

इथे उतरल्यावर पुरचुंडी उघडावी लागली. अधिकारी मुलगी आपल्या कोमलपेक्षा लहान असेल. तुमचे डिंकाचे लाडू, वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, सगळं तिनं टेबलावर मांडलं आणि विचारलं, हे काय? मला वेखंडाला इंग्रजीत काय म्हणतात ते येईना. सिस्टरांनी आम्हाला ट्यूलिप शिकवलं होतं, वेखंड नाही. लाडू गेले, मुळ्या गेल्या. सहाण तिनं उलटीसुलटी केली, कुठे मातीचा कण आहे का ते पाहिलं आणि दोन्ही हातांनी परत दिली. तुम्ही ती किती घासून ठेवली होतीत.

आता चौदा दिवस या हॉटेलच्या खोलीत. आठव्या मजल्यावर आहे. खिडकी उघडत नाही. दारावर टकटक होते, थोडं थांबायचं, मग दार उघडायचं. खाली कागदी पिशवीत जेवण असतं आणि माणूस नसतो. कोमल याच शहरात आहे, पण तिनं वर यायचं नाही, मी खाली जायचं नाही.

दुपारी डोळा लागतो. जाग येते तेव्हा ही कोणती खोली ते क्षणभर कळत नाही. वलवणच्या धरणावरून धुकं घरात आलंय असं वाटतं. हात पुढे करते तर तो यंत्राचा गारवा असतो. सहाण मी खिडकीत ठेवली आहे. ती तेवढी ओळखीची.

आक्का, राग बाजूला ठेवा आणि मला शिकवा. तारीख डिसेंबरच्या दहाची आहे. बाळाला न्हाऊ कसं घालायचं ते अगदी पहिल्यापासून लिहा.

माधवी


सोमाटणे
२१ नोव्हेंबर

चि. माधवीस आशीर्वाद.

त्या पोरीनं लाडू टाकलं का खाल्लं? खरं सांग. डिंक नगरच्या बाजारातनं आनला व्हता.

न्हाऊ घालनं म्हंजी परीक्षा न्हवं. पाटावर बस. पाय लांब कर, नडग्या जुळव. बाळ त्यावर ठिव. आदी तेल, मग पीठ, मग पानी. पानी हातानं बघू नको. बाईचा हात भाकऱ्या थापून मेलेला असतो. बाही सार आन कोपर घाल, कोपर खोटं बोलत न्हाई. बाळ रडलं तर रडू दे. तू रडू नको.

मी सध्या मळ्यातल्या खोलीत असते. भाताच्या उडव्या हाईत, राखण नको का. पवनेचं पानी ऐकाया येतं. ह्ये डबा बांधावर ठिवत्यात, हाक मारत्यात आन लगीच मागं फिरत्यात, जनू काय आत वाघीण बसल्या. म्हातारपनी नवऱ्यानं भ्यावं याच्यासारकं सुख न्हाई.

दमले. उरल्यालं मागनं लिहीन.

लीला


पर्थ
२४ नोव्हेंबर

ती. आक्का,
सा. न.

म्हणजे आपलं दोघींचं सारखंच की. तुमचा डबा बांधावर, माझा दाराबाहेर. भाऊजींशी कशावरून बिनसलं? या वयात मळ्यात जाऊन राहण्याइतकं काय झालं? त्यांना म्हणावं, वाघिणीला गोड काहीतरी न्या.

मी सराव करते आहे. हॉटेलचा टॉवेल गुंडाळून नडग्यांवर घेतला आणि पाणी घातलं. तो एवढा जड झाला की मलाच त्याची दया आली. इथे रोज एक नर्स फोन करून मन ठीक आहे ना विचारते. मी खरं ते सांगितलं, आत्ता टॉवेलला अंघोळ घालत होते. ती थोडी थांबली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

काल स्वप्नात वलवणचं धरण या खिडकीपर्यंत भरून आलं होतं. आठव्या मजल्यापर्यंत पाणी, आणि ते बिलकुल हलत नव्हतं. पलीकडच्या काठावर तुम्ही पाट टाकून बसला होतात. मी हाक मारत होते, पण हाक पाण्यावरून पुढे जातच नव्हती. मला भीती मात्र वाटली नाही. पाण्यात सगळीकडे जांभळी फुलं तरंगत होती. जागी झाले तेव्हा कळलं की ती इथलीच. रस्त्याकडेच्या झाडांना या दिवसांत पान दिसत नाही इतका जांभळा बहर आहे.

त्याच झाडाखाली आज कोमल येऊन उभी राहिली. जावई, अमृतराव, तिच्या पाठीला हात लावून होते. एवढ्या उंचावरून तिचा पिवळा झगा आणि पोट तेवढं कळलं. तिनं मान वर करून हात हलवला. मी हात पुढे केला तर काच लागली.

आणि मग मी इथे राहिलेच नाही, आक्का. मी तुमच्या परसातल्या खोलीत होते. तुम्ही रोज सकाळी अंगणात पाट टाकायचात, बरोबर माझ्या खिडकीसमोर. चुलीवरचं पाणी घमेल्यात ओतलं जायचं, वाफ काचेवर यायची, आणि वाफ विरली की तुमच्या पायांवर माझी लेक दिसायची. कितीदा मी अशीच हात पुढे करायचे आणि काच लागायची.

एक गोष्ट कधी विचारली नाही. घरात न्हाणी होती. मग तुम्ही तिला उघड्यावर, माझ्याच डोळ्यांसमोर का न्हाऊ घालायचात? मला तेव्हा वाटायचं, ही आता कोणाची झाली ते तुम्ही मला दाखवून देता आहात. आजारी माणसाचं मन असं असतं. पण वाटलं होतं हे खरं, आणि इथे पत्र वाचून पाकीट बंद करायला सिस्टर नाहीत. म्हणून लिहिलं.

आताही तुम्ही फोनवर येत नाही. हेही तसंच काही आहे का?

माधवी


सोमाटणे
२८ नोव्हेंबर

आदरणीय काकूंना नमस्कार.

तुमचं चोवीस तारखेचं पत्र मी आईला अजून दाखवलेलं नाही. आधी हे तुम्हाला सांगायला पाहिजे. आईनं शपथ घातली होती, पण आता माझ्याच्यानं राहवत नाही.

तुमचं पहिलं पत्र आलं त्याच्या दोन-तीन दिवस आधी आईला खोकला सुरू झाला. तपासणीत कोरोना निघाला. ती म्हणाली, माधवीला कळलं तर ती जाणार नाही, आणि घरात आली तर तिची तपासणी बिघडंल. म्हणून भेटली नाही. फोनवर दोन शब्द बोलली की ढास लागायची, तुम्ही लगेच ओळखलं असतं, म्हणून फोन बंद. झोडणी तेव्हा सुरूपण झाली नव्हती. बाबांशी भांडण नाही. बाबा तिला डबा नेत होते.

तेवीसला ऑक्सिजन खाली आला. तळेगावला दवाखान्यात ठेवलं होतं. काल घरी आणलं. धोका टळला म्हणतात. धाप लागते, पण बाबांना ओरडण्यापुरता आवाज आलाय.

कोमलला मुलगी झाल्याचा अमृतरावांचा मेसेज काल रात्री आला. आईला सांगितलं तर म्हणाली, नाक कुणाचं हाय ते इचार.

कोमलला यातलं सांगू नका, निदान आत्ता. आणि मी लिहिलं म्हणून आई मला काय बोलेल ते तुम्हाला माहिती आहेच.

तुमचा
आदिनाथ


पर्थ
२८ नोव्हेंबर, संध्याकाळ

ती. आक्का,

आदिनाथला काही बोलू नका.

मी त्याचं पत्र वाचलं आणि खिडकीतली सहाण उचलून मांडीवर घेतली. गच्चीवर पदर नाकापर्यंत ओढून तुम्ही उभ्या होतात, आणि मी त्याला राग म्हटलं. मळ्यातल्या डब्याची थट्टा केली. चोवीस तारखेला मी तुम्हाला काय काय लिहीत होते, आणि तुम्ही तेव्हा नळी लावून पडला होतात. ते पत्र आदिनाथनं फाडून टाकलं तर बरं. नाही, फाडू नका. वाचा. पण मी आता तशी नाही हे धरून वाचा.

मुलगी छान आहे. तारखेच्या आधी आली, तरी वजन चांगलं आहे. नाक आपल्याकडचंच आहे, कोमलच्या बाबांचं, निवृत्तींचं. अमृतरावांनी फोनवर दाखवली. कोमल दमली होती, तरी तिनं पहिलं विचारलं, मोठी आईला सांगितलं का, ती का बोलत नाही? मी म्हटलं, झोडणी चालू आहे. ती म्हणाली, आई, नोव्हेंबर संपत आला, किती भात आहे यंदा?

मला काय करावं ते कळत नाही. बुधवारी हे दार उघडेल. मनात येतं, तसंच विमानतळावर जावं आणि तुमच्यापाशी यावं. निवृत्ती गेले तेव्हा तुम्ही माझ्याजवळ महिनाभर राहिला होतात. आज तुम्हाला उठून पाणी द्यायला बाईमाणूस नाही, आणि मी इथे एका मुलीकडे जायचं जिला हवी आहे मोठी आई. न्हाऊ घालण्यातलं मला काही येत नाही. टॉवेलसुद्धा माझ्या हातून सुटला. इथल्या नर्स मुली शिकलेल्या आहेत, त्या दाखवतील तिला. मी खरंच उपयोगाची कुठे आहे, ते तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करीन.

माधवी


सोमाटणे
३० नोव्हेंबर

चि. माधवीस आशीर्वाद.

तुजी दोनी पत्रं वाचली. आदिनाथ समूर उभा राहून वाचून दावत व्हता, मी त्याच्या हातातनं काडून घेतली. आधी त्याला बोलून घेतलं, मग लिहाया बसले. दोन दिस लागलं लिहाया, मधी मधी निजावं लागतं.

परत यायचं नाव काडलंस तर गडग्यावरची दगडं मारीन. हितं मला पानी द्याया दोन बाप्ये हाईत. चहा लय वाईट करत्यात, पन करत्यात. ह्येंनी परवा मटकीला मोड आनलं आन चार घरात सांगून आलं.

गच्चीवरनं मी तुला जा म्हनत व्हते, ह्ये तुला बराबर दिसलं. दुसरं काय म्हनू? माज्या खोकल्यापायी तुजी तपासणी बिघडली आस्ती तर तितं पोरगी एकटी पडली आस्ती. दोघींतली एक तरी जाया पायजे व्हती. मला लागलं न्हाई आसं म्हनत न्हाई. लागलं. पासपोर्ट पेटीतनं काडून एकदा बघितला आन परत ठिवला. पन त्यो तुज्यावरचा राग न्हवता.

आता खिडकीचं.

सासूबाई म्हनायच्या, पोरीला आत न्हाणीत घाल, उघड्यावर वारं लागंल. मी रोज ऐकून घ्यायचे आन रोज पाट अंगनात टाकायचे. तुज्या खिडकीफुडं, तोंड खिडकीकडं करून. पाठ केली आस्ती तर माजी पाठच दिसली आस्ती तुला. तोंड तुज्याकडं केलं म्हंजी पोरगी दिसायची आन माजं हात दिसायचं. मी मुद्दाम सावकाश करायचे. तेल कुटनं कुटं न्यायचं, मान कशी धरायची, पानी कानात जाऊ ने म्हनून हाताची पन्हळ कशी करायची, सगळं दावून दावून. शेजारच्या कस्तुराबाई म्हनायच्या, लीले, पोर न्हाऊ घालतीस का नाटक करतीस? मी म्हनायचे, आत बघनारं हाय.

तू बरी झालीस की तुला यावं, म्हनून ते व्हतं. पन तू बरी झालीस तवा पोरगी पाटावर बसाया लागलेली. बसत्या पोरीला पायावर कोन घेतं? न्हाऊ घालायचं राहून गेलं. मंग तुमी लोणावळ्याला गेलासा. आन मी सांगायचं राहून गेलं. मला वाटलं, तुला ठावं आसंल.

माधवे, तू येक दिस सोडला न्हाईस. पावसात मी पडवीत सरकायचे तर तू काचंच्या दुसऱ्या कडंला सरकायचीस. सा म्हयनं बघितलंस. आन म्हनतीस येत न्हाई. तुला येतं. टॉवेलाला मान नसती, म्हनून तो सुटला. पोरीला मान हाय. तिला हात लाव, बाकीचं हात सांगतील.

बुधवारी सरळ पोरीकडं जा.

लीला


पर्थ
५ डिसेंबर

ती. आक्का,
सा. न.

बुधवारी दार उघडलं आणि मी उंबऱ्यावर जरा थांबले. सवयच झाली होती, टकटक झाली की थांबायचं. खाली आले तेव्हा वारा लागला. नुसता वारा, त्यात समुद्राचा खारा वास. कोमल गाडीत मागे बसली होती, बाळ शेजारी. तिनं काच खाली केली. मी बाहेर, ती आत, आणि मध्ये काहीच नाही. मी हात पुढे केला, तो थेट तिच्या गालावर टेकला.

तुमचं पत्र मी तिला दिलं. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं. तिनं ते वाचलं, बाळाला पाजलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोघी मिळून मला न्हाऊ घालत होतात." आणि थोड्या वेळानं, "आई, मोठी आईला ओरडायचा हक्क आता माझा. तिला म्हणावं, आधी बरी हो, मग ओरडते."

काल न्हाऊ घातलं.

पाट नव्हता, कोमलचा योगासनाचा गालिचा दुहेरी घडी करून घेतला. पीठ आणि धुरी दोन्ही नाही, डॉक्टर नको म्हणतात, आणि धूर केला तर छतातली घंटा वाजून गल्ली गोळा होईल. तेल कोमट केलं. पुढच्या खोलीत जमिनीपर्यंत काचेचं दार आहे, बाहेर ऊन आणि लिंबाचं झाड. तिथे बसले. पाय लांब केले. बाही सारून कोपर घातलं. पाणी कोपराला सोसलं.

कोमलनं तिला माझ्या पायांवर ठेवलं. केवढीशी हो. आधी हात हलेनात. मग तिनं मान किंचित कलती केली, आणि माझा डावा हात आपोआप तिच्या मानेखाली गेला. मी त्याला जा म्हटलं नव्हतं. तो कुठे चालला आहे ते मी बघत राहिले. छातीवरून खांद्याकडे, खांद्यावरून बोटांपर्यंत, एकेक बोट सोडवत. पाठीवर वरून खाली. कानाशी हाताची पन्हळ झाली. मला एकदाही आठवावं लागलं नाही. सोमाटण्याचं अंगण होतं, लिंबाच्या जागी तुमचा शेवगा होता, आणि मी कधी काचेच्या आत असायचे, कधी बाहेर. ती रडली नाही. डोळे उघडून माझ्या मागे कुठेतरी बघत होती.

कोमल हळूच म्हणाली, "आई, तू तिकडे तोंड करून का बसलीस? इकडे वळ ना, मला दिसत नाहीये."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बसताना मी विचार केलाच नव्हता.

मंगळवारी पुन्हा न्हाऊ घालणार आहे, इथल्या दहाला. तुमच्याकडे तेव्हा सकाळ असेल, भाऊजींचा वाईट चहा झालेला असेल. घुटी उगाळायची नाही, त्यामुळे सहाणेला इथे काम नव्हतं, आता मिळालं. फोन तिला टेकवून काचेच्या दारात उभा ठेवते. तुमचा खोकला ऐकू आला तरी चालेल. फोन उचला, आक्का. मी सावकाश करीन.

तुमची
माधवी


सोमाटणे
७ डिसेंबर

चि. माधवीस आशीर्वाद.

दिसलं सगळं. आदिनाथ कंपनीत उशिरा गेला, ह्ये माज्या खांद्यावरनं वाकून बघत व्हतं आन मधी मधी 'नाक, नाक' करत व्हतं. मी तवा काय बोलले न्हाई. खोकल्यामुळं न्हवं. तुला म्हनून लिहिते.

हात चांगला चालतो तुजा. पाठीला जरा आजून दाब दे, पोरगी काचंची न्हाई. कोमल वाळल्या, तिला खीर कर. आन पोरगी तुज्या मागं बघती म्हनतीस, ते काय न्हाई, बारकी पोरं कुटंबी बघत्यात.

येकच झालं. तू पानी घेतलंस, त्याची वाफ आली आन मला वाटलं जास्त ऊन हाय. मी बाही सारली आन कोपर फुडं केलं, तर काच लागली.

तुज्या लीलाक्काचा आशीर्वाद